नकार लिहिण्याचा अधिकार



परिषदेच्या अध्यक्षाने आपल्या क्षेत्राचा आढावा घ्यावा, नव्या तंत्रज्ञानाचे स्वागत करावे आणि तरुणांना शुभेच्छा द्याव्यात, अशी रीत आहे. शुभेच्छा आहेतच. आढाव्यासाठी मात्र दोन दिवसांची सत्रे ठेवलेली आहेत आणि तिथे बोलणारे जाणकार आहेत. मी एकच मुद्दा मांडणार आहे. सरकारी यंत्रणांवर झालेल्या मोठ्या हल्ल्यांचे चौकशी अहवाल वाचले, तर हल्ल्याची वाट आधीच कुणाच्या तरी लक्षात आलेली होती, असे पुन्हा पुन्हा आढळते. ती कळवलीही गेली होती. पण कळवणाऱ्याच्या शब्दाला कार्यालयात वजन नव्हते. शासनाच्या संगणक यंत्रणांची राखण करणाऱ्या आपल्या पेशाची खरी अडचण इथे आहे. ती नवी उपकरणे खरेदी करून सुटणार नाही. कार्यपद्धती बदलावी लागेल.

मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर संगणक-कीटकाने इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवा विस्कळीत केली. तिच्या २३६ स्थानिक ट्रस्टपैकी किमान ८१ ट्रस्टना त्याचा फटका बसला, हजारो रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या. ज्या त्रुटीतून हा कीटक शिरला, तिच्यावरचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. ‘एनएचएस डिजिटल’ या मध्यवर्ती संस्थेने मार्च आणि एप्रिलमध्ये तो बसवण्याचे तातडीचे इशारेही पाठवले होते. तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अहवाल दिला. त्यातली दोन निरीक्षणे आपण भिंतीवर लावावीत अशी आहेत. पहिले असे, की दिलेला सल्ला स्थानिक संस्थांनी पाळला की नाही, हे तपासण्याची औपचारिक सोयच आरोग्य खात्याकडे नव्हती. दुसरे त्याहून बोलके आहे. हल्ल्याआधी एनएचएस डिजिटलच्या तज्ज्ञांनी ८८ ट्रस्टची जागेवर जाऊन तपासणी केली होती आणि त्यांतला एकही उत्तीर्ण झाला नव्हता. तरीही दुरुस्ती करायला लावण्याचा अधिकार त्या संस्थेला नव्हता. म्हणजे तज्ज्ञ होते, तपासणी झाली, निष्कर्ष बरोबर निघाला, आणि पुढे काही घडले नाही.

चार वर्षांनी आयर्लंडमध्ये हेच आणखी बारकाईने दिसले. १८ मार्च २०२१ रोजी तिथल्या आरोग्यसेवेच्या एका संगणकावर ईमेलमधून आलेली एक्सेल फाइल उघडली गेली. रॅन्समवेअर प्रत्यक्ष चालवले गेले ते १४ मे रोजी. मधले आठ आठवडे हल्लेखोर आत वावरत होते. आदल्या दिवशी, १३ मे रोजी, अँटिव्हायरस पुरवठादाराने सुरक्षा चमूला लिहिले की किमान सोळा यंत्रणांवर ७ मेपासूनचे धोके तसेच पडून आहेत. त्यावर सर्व्हर पुन्हा सुरू करायला सांगण्यात आले, इतकेच झाले. तिथल्या आरोग्य मंत्रालयात मात्र संशयास्पद हालचाल ताबडतोब हाताळली गेली आणि तिथला हल्ला अडला. डिसेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वतंत्र अहवालाने या फरकाचे एक मूळ नेमके दाखवले: एवढ्या अवाढव्य आरोग्यसेवेत सायबर सुरक्षेला वरिष्ठ पातळीवर एकही जबाबदार धनी नव्हता. सुरक्षा चमूतल्या माणसाला काही दिसले तरी ते कुणाच्या टेबलावर आपटायचे, हे ठरलेले नव्हते.

आपल्याकडे २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये पाच सर्व्हर आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. नोंदणीपासून तपासण्यांच्या अहवालांपर्यंत बरेच काम दोन आठवड्यांच्या आसपास हाताने करावे लागले. संसदेत सरकारने कारण सांगितले, ते नेटवर्कची योग्य विभागणी नसल्याचे. या सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की नेटवर्कची विभागणी हा या धंद्यातला श्रीगणेशा आहे. ती नव्हती, याचा अर्थ ती कुणाला माहीत नव्हती असा होत नाही. विभागणी करायची म्हणजे काही काळ सेवा थांबवायच्या, जुनी जोडणी उकलायची, दहा विभागप्रमुखांची नाराजी ओढवून घ्यायची. हे काम कुणाच्या सहीने होणार होते, हा तिथला प्रश्न आहे आणि तो एकट्या एम्सचा नाही.

आता आपल्याच प्रशासनातली एक जुनी, रुजलेली पद्धत पाहा. सार्वजनिक बांधकाम विभागात पूल बांधायचा तर प्रशासकीय मान्यता वेगळी आणि तांत्रिक मान्यता वेगळी. पूल हवा की नको हे प्रशासन ठरवते. संकल्पचित्र भार पेलेल का, याला सक्षम अभियंता सही करतो. जिल्हाधिकाऱ्यांना कितीही घाई असली तरी अभियंत्याची सही त्यांना करता येत नाही. खर्चाच्या प्रस्तावावर वित्त विभागाचा अभिप्राय लागतो आणि तो डावलायचा तर वरच्या पातळीवर कारणे नोंदवावी लागतात. संगणक प्रणालीच्या बाबतीत ही शिस्त कुठे गेली? लाखो नागरिकांची आधार, जमीन, शिष्यवृत्ती, आरोग्य यांची माहिती धरणारे पोर्टल सुरू करताना सुरक्षा तज्ज्ञाचे मत हे ‘सूचना’ म्हणून घेतले जाते. ते बैठकीत बोलले जाते, इतिवृत्तात आलेच तर एका ओळीत येते, आणि उद्घाटनाची तारीख त्याआधीच ठरलेली असते. माझी मागणी साधी आहे. प्रशासकीय आणि तांत्रिक मान्यतेच्या जोडीला तिसरी, सुरक्षा मान्यता हवी. ती सुरक्षा अधिकाऱ्याने कारणांसह द्यावी किंवा कारणांसह नाकारावी. विभागाच्या सचिवांना ती डावलता यावी, पण नस्तीवर स्वतःच्या सहीने, कोणता धोका किती काळासाठी पत्करत आहोत हे लिहून.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: कामे रखडतील, नागरिकांची गैरसोय होईल. आक्षेप पोकळ नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कर्मचारी व्यवस्थापन कार्यालयातल्या त्रुटी त्यांचे महानिरीक्षक २००७ पासून नोंदवत होते. वैध सुरक्षा परवानगी नसलेल्या यंत्रणा बंद करण्याचा विचार करा, असे त्यांनी २०१४ मध्ये सुचवले. तसे केले तर निवृत्तांची देणी अडतील, अशी संचालकांची बाजू होती. ती बाजू खोटी नव्हती. पण २०१५ मध्ये उघडकीस आलेल्या घुसखोरीत २ कोटी १५ लाख लोकांची पार्श्वभूमी-तपासणीची माहिती आणि ५६ लाख लोकांचे बोटांचे ठसे गेले, तेव्हा दुसऱ्या पारड्यात काय होते ते कळले. ठसे बदलून मिळत नाहीत. उशीर आणि धोका यांची तुलना करण्याचा हक्क प्रशासनाला आहे, तो कुणी काढून घेत नाही. तुलना प्रत्यक्षात केली आणि लिहून ठेवली, एवढीच अपेक्षा आहे. शिवाय मुदत दोन्ही बाजूंना लागू करावी. परिपूर्ण कागदपत्रे मिळाल्यापासून ठरलेल्या कामकाजाच्या दिवसांत सुरक्षा अधिकाऱ्याने मत दिले नाही, तर त्या विलंबाचा जाब त्याच्याकडून घ्यावा. हे कलम आपल्यालाच टोचेल, आणि टोचायलाच हवे.

दुसरा आक्षेप असा, की ऑडिट होतेच, मग हा नवा शिक्का कशाला? सरकारी संकेतस्थळ सुरू करण्यापूर्वी ‘सर्ट-इन’ या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या यादीतल्या संस्थेकडून सुरक्षा ऑडिट करून घ्यावे लागते, हे खरे. पण ते प्रमाणपत्र एका दिवसाचे, एका आवृत्तीचे असते. पुढच्या महिन्यात नवा विभाग जोडला जातो, कंत्राटदार दुरून शिरण्याची खिडकी उघडी ठेवतो, पासवर्ड तीन जणांत वाटला जातो. प्रमाणपत्र तेच राहते. बाहेरचा ऑडिटर त्रुटी दाखवून निघून जातो. त्रुटी राहू देण्याचा निर्णय कार्यालयातच होतो, आणि त्या निर्णयावर नाव लागत नाही.

तिसरा आक्षेप आपल्या वर्मावर बोट ठेवणारा आहे. सुरक्षा तज्ज्ञाला नकाराचा अधिकार दिला तर तो स्वतःची कातडी वाचवण्यासाठी सगळ्यालाच नकार देईल, असे म्हटले जाते. अशी माणसे आपल्यात आहेत, हे मान्य करूया. यूएसबी बंद, वायफाय बंद, ईमेलला जोडपत्र बंद, आणि मग अख्खे कार्यालय खासगी जीमेलवर आणि व्हॉट्सअॅपवर कारभार करते. त्या बंदीने सुरक्षा वाढत नाही, फक्त नोंदी नाहीशा होतात. म्हणूनच नकारासोबत कारण आणि पर्याय सक्तीचा हवा. ‘धोकादायक’ एवढा शेरा पुरेसा नाही. धोका कुणाकडून, कोणत्या वाटेने, काय गेले तर किती नुकसान, आणि कोणत्या बदलानंतर मान्यता मिळेल, हे मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्याला समजेल अशा मराठीत लिहिता आले पाहिजे. आपला निम्मा पराभव अगम्य टिप्पण्यांमुळे होतो. ‘अवलोकनार्थ सादर’ एवढाच शेरा जोडलेला व्हीएपीटीचा, म्हणजे त्रुटी-चाचणीचा, दोनशे पानी अहवाल कुणी वाचत नाही, आणि न वाचणाऱ्यांना फार दोषही देता येत नाही.

गोपनीयतेचाही मुद्दा काढला जातो: त्रुटी कागदावर आल्या तर त्या शत्रूच्या हाती पडतील. इथे कुडनकुलमचा अणुऊर्जा प्रकल्प आठवावा. सप्टेंबर २०१९ मध्ये सर्ट-इनने अणुऊर्जा महामंडळाला संसर्गाची सूचना दिली होती. ऑक्टोबरअखेर चर्चा सुरू झाल्यावर प्रकल्पाने आधी हल्ल्याची शक्यताच नाकारली आणि दुसऱ्याच दिवशी महामंडळाने प्रशासकीय नेटवर्कमधल्या एका संगणकाला लागण झाल्याचे मान्य केले. नियंत्रण यंत्रणा सुरक्षित होती, हे महामंडळाचे म्हणणे त्या एका दिवसाच्या नकारामुळे विनाकारण संशयास्पद ठरले. याउलट ब्रिटिश लायब्ररीने ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यानंतर मार्च २०२४ मध्ये स्वतःच्या चुका सांगणारा अहवाल खुला केला. जुनाट यंत्रणा आणि एका सर्व्हरवर दुहेरी पडताळणी नसणे, हे त्यात स्पष्ट लिहिले. आपल्याकडे २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सर्ट-इनला माहिती अधिकाराच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले. त्याची कारणे असतील. पण बाहेरून प्रश्न विचारण्याची दारे अरुंद होत असतील, तर आतली नोंद अधिक पक्की हवी, निदान महालेखापरीक्षकांना आणि विधिमंडळाच्या समितीला ती पाहता यावी.

राहता राहिली या अधिकाऱ्याची जागा. रिझर्व्ह बँकेने ७ नोव्हेंबर २०२३ च्या निर्देशांत बँकांना सांगितले की मुख्य माहिती सुरक्षा अधिकारी हा आयटी प्रमुखाच्या थेट हाताखाली नसावा आणि त्याला व्यवसायाची उद्दिष्टे देऊ नयेत. तर्क उघड आहे: ज्याने प्रणाली वेळेत सुरू करायची, त्याच्याच हाताखालच्या माणसाने तिला थांबवावे ही अपेक्षा फोल असते. ठेवीदारांच्या पैशासाठी जी काळजी सक्तीची, ती नागरिकांच्या सातबाऱ्यासाठी ऐच्छिक का असावी? आपल्याकडे हे पद कित्येकदा अतिरिक्त कार्यभार म्हणून दिले जाते आणि प्रत्यक्ष काम मनुष्यबळ पुरवठादारामार्फत आलेला अकरा महिन्यांचा कंत्राटी तरुण करतो. त्याच्याकडून सचिवांच्या प्रकल्पावर प्रतिकूल शेरा लिहिण्याची अपेक्षा करणे हा शासनाचा भाबडेपणा आहे, किंवा सोय आहे. शेरा लिहिणाऱ्याची नोकरी शेऱ्यामुळे जाणार नाही, एवढी हमी तरी हवी.

तेव्हा उद्याच्या खुल्या अधिवेशनात या परिषदेने एकच ठराव करावा: महाराष्ट्र शासनाने शासन निर्णय काढून नागरिकांची माहिती साठवणाऱ्या प्रत्येक नव्या प्रणालीसाठी लेखी सुरक्षा मान्यता बंधनकारक करावी, ती देणारा अधिकारी नियमित पदावरचा आणि आयटी प्रमुखापासून स्वतंत्र असावा, आणि ती डावलणाऱ्याची सही व कारणे नस्तीवर राहावीत. ठरावाचा मसुदा आज संध्याकाळी सर्वांना वाटला जाईल. त्यावर दुरुस्त्या सुचवा, विरोध असेल तर विरोधही मांडा, पण मत लिहून द्या.