घर जवळ आलं म्हणून थांबलो नाही
(अलिबाग येथे वाडी-वस्तीवरील तरुणांच्या मेळाव्यात एका ट्रॅक्टरचालक कार्यकर्त्याने केलेले भाषण)



मला भाषण येत नाही, ट्रॅक्टर येतो. म्हणून त्याचंच बोलतो.

भातकापणी उरकली की आपल्या कातकरी-ठाकूर वाड्यांवरची कितीतरी घरं बंद होतात. कोणी वीटभट्टीवर जातं, कोणी कोळसा पाडायला पार कर्नाटकात. उचल घेतलेली असते, ती फेडायला जावंच लागतं. हे थांबावं म्हणून काही बचत गट मळणी यंत्र, पॉवर टिलर घेऊ लागले आहेत. चांगलं आहे. पण जुनं यंत्र स्वस्त मिळतं म्हणून परराज्यातून आणणार असाल, तर आधी माझी गोष्ट ऐका.

आमच्या गटाने निपाणीच्या बाजूला एक जुनं मळणी यंत्र पाहिलं. ट्रकचं भाडं वाचवायचं म्हणून मी ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन गेलो. येताना राधानगरी, फोंडाघाट उतरून कणकवली, मग महामार्गाने महाड, माणगाव, वडखळ. तीन दिवस लागले. मेहुणा सोबत होता, धाकट्या बहिणीचा नवरा. तो ट्रॉलीत यंत्राला टेकून बसलेला. वडखळला पाहिलं, तर ट्रॉलीच्या पिनेचं लॉक वाटेत कुठेतरी पडलेलं. मी तार गुंडाळली आणि निघालो. कार्लेखिंडीच्या उतारावर तार तुटली, पिन निसटली, ट्रॉली कडेला कलंडली. यंत्र मेहुण्याच्या पायावर पडलं. पाय वाचला, पण गुडघा आजही वाकत नाही. तो समोर तिसऱ्या रांगेत बसला आहे. त्याला विचारूनच हे सांगतो आहे.

विम्याकडे गेलो तर दोनच प्रश्न आले. ट्रॉलीचा नंबर पॉलिसीत कुठे आहे? आणि माणूस ट्रॉलीत का बसला होता? माझ्याकडे उत्तर नव्हतं. बहिणीने शेळ्या विकल्या, आणि दिवाळीनंतर उचल घेऊन ती भट्टीवर गेली. ज्यातून सुटायला यंत्र आणलं, त्याच यंत्रापायी ती परत तिथे गेली.

म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, कागद. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार आपला परवाना आणि गाडीची नोंदणी देशभर चालते, सीमा ओलांडली म्हणून रद्द होत नाही. पण ट्रॅक्टरची नोंदणी वेगळी, ट्रॉलीची वेगळी. विम्यात दोन्ही हवेत. कागद मोबाइलवर डिजिलॉकरमध्ये असले तरी चालतात. शेतीच्या नावावर नोंदलेल्या ट्रॅक्टरने भाडं घेऊन दुसऱ्याचा माल वाहायचा नाही, त्याला परमिट आणि कर वेगळा. ट्रॅक्टर किंवा ट्रॉलीच परराज्यातून विकत घेतली, तर तिथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला घेतल्याशिवाय पैसे मोजू नका. तो घेऊन आपल्या पेणच्या कार्यालयात नाव बदलून घ्या.

दुसरी, जोडणी. पिनेला लॉक हवंच, शिवाय जाड साखळी. पिन निसटली तरी साखळी ट्रॉली धरते. वजन चाकांच्या जरा पुढे ठेवा. सगळं मागे गेलं तर ट्रॉलीची दांडी वर उचलते. यंत्र सुंभाने नाही, साखळीने चारही बाजूंनी आवळा. शेतात वळायला आपण ट्रॅक्टरचे दोन ब्रेक वेगळे वापरतो. रस्त्यावर येताच त्यांची कडी लावा, नाहीतर एकच चाक अडेल आणि ट्रॅक्टर फिरेल. घाट सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरू नका.

तिसरी, दिसणं. मागे लाल रिफ्लेक्टर आणि चालू दिवा हवा. गाडीची रुंदी २.६ मीटरच्या आत, बाहेर काही डोकावता कामा नये. अंधार पडला की धाब्यावर थांबा. बंद पडलात तर दगड नाही, त्रिकोणी फलक लावा.

चौथी, माणसं. ट्रॅक्टरला एकच सीट असते, ती चालकाची. मडगार्डवर नाही, ट्रॉलीत नाही, यंत्रावर तर नाहीच. सोबत्याला एसटीचं तिकीट काढून द्या. मुकादम बायका-पोरांना ट्रॉलीत भरायला लागला, तर नाही म्हणा. एकट्याने जमत नसेल तर सगळ्यांनी मिळून म्हणा. अपघात झालाच तर ११२ किंवा १०८ लावा. जखमीला उचलणाऱ्याला पोलिसांनी अडकवायचं नाही, असं २०१९ पासून कायद्यातच लिहिलं आहे. घाबरून पळू नका.

आणि खरं सांगू? एवढ्या लांबून आणायचं तर ट्रकवरच घाला. मी वाचवलेलं भाडं बहिणीने दोन हंगाम फेडलं.

ते यंत्र दुरुस्त झालं. आज आमच्या वाडीत चालतं, मेहुणा त्याचा हिशेब ठेवतो. यंदा बहीण भट्टीवर गेलेली नाही.

त्या दिवशी पोयनाडला स्पेअर पार्टचं दुकान उघडं होतं. घर जवळ आलं म्हणून मी थांबलो नाही. तुम्ही थांबा, एवढंच माझं मागणं आहे.