त्वचेचे तारुण्य आणि पेशींचे आरोग्य

(ग्रामस्थ व शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शेतात राबणाऱ्या कोणाही वयस्क गृहस्थाने आपला हात पुढे धरून पाहावा. मनगटाची बाहेरची बाजू रापलेली व सुरकुतलेली दिसेल. दंडाची आतील बाजू मात्र मऊ आणि नितळ. दोन्हींकडील कातडीचे वय एकच! हा फरक मुख्यतः उन्हाने पाडलेला आहे.

आपली बाह्यत्वचा साधारणतः महिनाभरात नवी होते. तळच्या थरातील पेशी विभागतात, वर सरकतात, चपट्या होऊन मरतात आणि झडून जातात. तिच्याखालील थरात काही पेशी कोलॅजन नावाचे प्रथिन तयार करतात. त्वचेचा घट्टपणा त्यावर अवलंबून असतो. उन्हातील अतिनील किरण पेशींतील डीएनएला इजा पोहोचवितात व कोलॅजनचाही नाश घडवून आणतात. पेशी ही इजा दुरुस्त करीत असतात, परंतु वयोमानाने ते काम मंदावते. विडी-सिगारेटचा धूर त्यात भर घालतो. शिवाय मानवी पेशी प्रयोगशाळेत सुमारे ५० वेळा विभागून थांबतात, असे हेफ्लिक व मूरहेड या शास्त्रज्ञांनी १९६१ साली दाखवून दिले. चिरतारुण्याची डबी कोठे मिळत असेल, तर ती निदान मला ठाऊक नाही.

डबीवरून आठवले. लग्न ठरलेल्या मुलीला शेजारीण एखादी ट्यूब आणून देते. चार दिवसांत चेहरा उजळतो आणि घरोघरी तिची कीर्ती पसरते. अशा पुष्कळ मलमांत बीटामेथॅसोन किंवा क्लोबेटासॉल ही स्टेरॉइड औषधे असतात. इसब वगैरे विकारांत ती गुणकारी आहेत, यात शंका नाही. पण चेहऱ्यावर महिनोन्महिने चोळली म्हणजे कोलॅजन कमी होऊन कातडी कागदासारखी पातळ पडते, लाली व पुरळ येतात, लव वाढते. २०१८ साली केंद्र सरकारने अशा अनेक मलमांच्या चिठ्ठीविना विक्रीस मनाई केली. तरीही ट्यूब हातोहात फिरतेच. गोरेपणाच्या काही मलमांत पारा आढळलेला असून तो मूत्रपिंडांस घातक आहे.

खर्चाचा उपाय सांगावयाचा नाही. भर दुपारी डोक्यावर टोपी अथवा पदर असावा, बाह्या लांब असाव्यात. आवळा व पेरू खावेत. त्यांतील क जीवनसत्त्वावाचून कोलॅजन नीट तयार होत नाही. आंघोळीनंतर खोबरेल लावल्याने ओलावा टिकतो, एवढेच.

मात्र कोणी अशी ट्यूब बरेच दिवस लावीत असेल, तर ती आपल्याच मनाने एकदम बंद करू नये; आग व लाली उसळते. रिकामी का होईना, ती ट्यूब बरोबर घेऊन आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना दाखवावी.