अडकलेला लॅपटॉप आणि दोषाचा शोध
(सफाळे परिसरातील प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



आजचा विषय आपल्या नित्याच्या कामातील आहे. काम ऐन रंगात असता शाळेचा लॅपटॉप एकाएकी अडकतो. पडद्यावरील बाण हलत नाही, कळ दाबली तरी अक्षर उमटत नाही. यालाच आपण ‘हँग झाला’ असे म्हणतो. विषय यंत्राचा दिसला तरी त्याचा संबंध मुलांशी आहे. पूर्वी दाखलखारीज रजिस्टरात शाईने नोंद केली की काम पुरे होई. २०१५ मध्ये ‘सरल’ प्रणाली आली, पुढे ‘यू-डायस प्लस’ आली, आणि मुलाचे नाव संगणकात नोंदविणे हे शाळेचे आवश्यक कर्तव्य झाले. आपल्या पालघर जिल्ह्यातून दिवाळीनंतर कित्येक आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामासाठी स्थलांतर करतात. मूल नव्या गावी पोहोचावे आणि त्याची नोंद मात्र जुन्या शाळेतच अडकून राहावी, असे होता कामा नये.

अशा वेळी आपल्या हातून बहुधा दोनच गोष्टी होतात. एक, वैतागून बटण दाबून यंत्र बंद करणे. दुसरी, लॅपटॉप पिशवीत घालून विरार किंवा बोईसरच्या दुकानात नेणे. पहिलीने न जपलेले काम जाते. दुसरीने वेळ व पैसा जातो, आणि दोष काय होता हे आपल्याला कळतच नाही. दुकानात जाण्यास माझा विरोध नाही. परंतु रोगी वैद्याकडे जाताना निदान कोठे दुखते एवढे तरी सांगतो.

प्रथम दोन-तीन मिनिटे थांबावे. यंत्र एखाद्या जड कामात गुंतले असेल तर ते आपोआप मोकळे होते. न झाल्यास कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्या, म्हणजे विंडोजमधील ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यात जो प्रोग्राम प्रतिसाद देत नसेल तेवढाच बंद करावा. काहीच चालेना तर मात्र बंद-चालू करण्याचे बटण सुमारे दहा सेकंद दाबून धरावे. हा शेवटचा उपाय होय. यंत्र पुन्हा सुरू होताच, इतर कोणतीही खटपट करण्यापूर्वी, शाळेच्या सर्व फाइली पेन ड्राइव्हवर उतरवून घ्याव्या. यंत्र दुरुस्त होईल किंवा बदलता येईल. गेलेली माहिती परत मिळेलच असे नाही.

आता कारणांकडे वळू. पहिले कारण उष्णता. लॅपटॉपच्या आतील पंखा गरम हवा बाहेर टाकतो. जाळीत धूळ साचली, अथवा यंत्र सतरंजीवर वा उशीवर ठेवले, की हवेचा मार्ग बंद होतो. मग प्रोसेसर स्वतःला वाचविण्यासाठी आपली गती कमी करतो, आणि फारच तापला तर यंत्र बंद पडते. आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत धूळ जाळीला चिकटून बसते. परीक्षा सोपी आहे: सकाळी नीट चालणारे यंत्र अर्ध्या तासाने अडकते काय, आणि जाळीतून हवा बाहेर येते काय, हे पाहावे. यंत्र कठीण, सपाट पृष्ठावर ठेवावे. बंद करून, चार्जर काढून, कोरड्या मऊ ब्रशाने जाळी साफ करावी.

दुसरे कारण स्मृतीची, म्हणजे रॅमची, अपुरी क्षमता. चार जीबी रॅमच्या यंत्रावर ब्राउझरची दहा-बारा पाने, व्हिडिओ आणि तक्ते एकदम उघडले की जागा संपते. मग यंत्र हार्ड डिस्कचाच काही भाग स्मृतीसारखा वापरू लागते, आणि डिस्क त्या मानाने फार मंद असते. टास्क मॅनेजरमध्ये ‘मेमरी’चा आकडा शंभर टक्क्यांच्या जवळ दिसला तर दोष येथे आहे. नको ती पाने बंद करावी. यंत्र सुरू होताना आपोआप उघडणारे प्रोग्राम थांबवावे.

तिसरे कारण डिस्क. जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकड्या असतात व तिचे हलते भाग झिजतात. ‘डिस्क’चा आकडा सतत शंभरावर राहणे, आतून टकटक आवाज येणे, फाइल उघडण्यास विलंब लागणे, ही तिची लक्षणे होत. आवाज येत असेल तर त्याच दिवशी माहिती उतरवून घ्यावी. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसविली तर पुष्कळ जुनी यंत्रे पुन्हा कामाची होतात; नवे यंत्र घेण्यापूर्वी हा खर्च विचारून पाहावा.

चौथे कारण प्रोग्रामांचे. एकाच यंत्रावर दोन अँटिव्हायरस, अर्धवट राहिलेले अपडेट, संसर्ग झालेला पेन ड्राइव्ह, यांपैकी काहीही असू शकते. यंत्र ‘सेफ मोड’मध्ये सुरू करावे; तेथे ते अडकत नसेल तर दोष बहुधा यंत्राच्या अंगचा नसून वरून घातलेल्या प्रोग्रामचा आहे. विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, हेही ध्यानात असावे.

एक इशारा देणे अवश्य आहे. तळ फुगलेला दिसला तर बॅटरी फुगली असण्याचा संभव असतो. असे यंत्र चार्जिंगला लावू नये, दाबू नये, मुलांच्या हाती तर मुळीच देऊ नये. ते जाणकाराकडेच न्यावे.

या सर्वांत मुख्य नियम एकच: एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा. जाळीही साफ केली, प्रोग्रामही काढले, अपडेटही केले, आणि यंत्र सुधारले; तर कशाने सुधारले हे कोणास सांगता येईल? एका वहीत तारीख, वेळ, यंत्र किती वेळ चालू होते, काय उघडले होते, चार्जर लावला होता की नाही, एवढे लिहावे. चार-पाच नोंदी झाल्या की दोष पुष्कळदा आपोआप उघडा पडतो. न पडला तरी ती वही दुरुस्ती करणाऱ्याच्या उपयोगी पडते.

आपल्या जिल्ह्यातील कोसबाडच्या टेकडीवर १९५७ पासून ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी भोवतालच्या साध्या वस्तूंतून बालशिक्षण उभे केले. आज लॅपटॉप हीदेखील शाळेच्या भोवतालची एक वस्तू झाली आहे. ती अडकल्यावर शिक्षक चिडतात की शांतपणे तर्क करून पडताळा घेतात, हे मुले पाहत असतात. पाचवीच्या मुलास ती वही लिहिण्यास सांगा. निरीक्षण, अनुमान आणि पडताळा हे शब्द न उच्चारताही विज्ञानाचा पाठ त्याच्या अंगवळणी पडेल, आणि शाळेचे काम अडणार नाही, हा लाभ वेगळाच.