घरबसल्या दलाली



आजच्या भाषणाचा विषय नव्या नांवाच्या एका जुन्या धंद्याचा आहे. आमच्या खराडींत हल्लीं कॉलेजांतून नुकतीं बाहेर पडलेलीं मुलें, नोकरी सुटलेले गृहस्थ, आणि दुपारचे दोन तास ज्यांच्या हातीं मोकळे असतात अशा गृहिणी माझ्याकडे येऊन विचारतात कीं, ‘गुरुजी, हें अॅफिलिएट मार्केटिंग म्हणजे काय? यांत खरोखरीच पैसा मिळतो काय?’ माझा जन्म शाळेंत गणित शिकविण्यांत गेला. व्यापार मीं केलेला नाहीं. परंतु हा प्रश्न व्यापाराचा जितका आहे तितकाच त्रैराशिकाचाही आहे, म्हणून त्यावर बोलण्याचें धाडस करतों.

दुसऱ्याच्या मालाची शिफारस करावी, त्या शिफारशीवरून कोणी माल घेतला तर विकणारानें शिफारस करणारास शेंकडा अमुक दलाली द्यावी, एवढाच या लांबलचक शब्दाचा अर्थ. पूर्वींचा दलाल गिऱ्हाइकाचा हात धरून त्यास पेढीवर नेई. आतांचा दलाल त्यास मोबाइलवर लिंक, म्हणजे एक दुवा, पाठवितो. त्या दुव्यांत दलालाची खूण गुंफलेली असते आणि दुकानाच्या वहींत तिची आपोआप नोंद होते. माल सांठवावा लागत नाहीं, भांडवल गुंतत नाहीं, पार्सल बांधावें लागत नाहीं. अमेरिकेंतील अॅमेझॉन हें दुकान मुख्यतः पुस्तकें विकत असतां त्यानें १९९६ सालीं ही पद्धत उघडली. त्याआधींही एकदोघांनीं ती चालविली होती, पण तिचा बोलबाला झाला तो अॅमेझॉनमुळें. भारतांत या दुकानानें २०१३ सालीं आपलें दार उघडलें, आणि आज लहानमोठ्या अनेक दुकानांच्या अशा योजना चालूं आहेत. नांव नोंदविण्यास पैसे पडत नाहींत, हें नीट ध्यानांत ठेवावें; त्याचें कारण पुढें येईल.

आतां गणित मांडूं. आंकडे मी केवळ उदाहरणादाखल धरतों. समजा, आपण पंधराशें रुपयांच्या एका वस्तूविषयीं लिहिलें आणि तें एक हजार माणसांनीं पाहिलें. त्यांतील चाळिसांनीं दुवा दाबला. त्या चाळिसांपैकीं दोघांनीं वस्तु घेतली. दलाली शेंकडा चार धरली तर एका वस्तूमागें साठ रुपये, दोहोंचे मिळून एकशेवीस. म्हणजे महिना बारा हजार रुपये हवे असतील तर एक लाख माणसें आपल्या दाराशीं आलीं पाहिजेत. शिवाय गिऱ्हाइकानें वस्तु परत केली कीं दलालीही परत जाते. अॅमेझॉनच्या नियमाप्रमाणें दुव्यावरून आलेल्या माणसानें चोवीस तासांच्या आंत वस्तु टोपलींत टाकली नाहीं, तर त्याच्या खरेदीशीं आपला कांहीं संबंध उरत नाहीं. आपल्याच दुव्यावरून आपण खरेदी केली तर तीही हिशेबांत धरीत नाहींत. नाहींतर नवशिक्यांचा पहिला गिऱ्हाईक स्वतः नवशिकाच झाला असता!

हें त्रैराशिक मांडून दाखविलें म्हणजे समोरच्याचा चेहरा उतरतो, आणि नेमकें याच ठिकाणीं दुसरा एक व्यापारी त्याला गांठतो. तो म्हणतो, ‘माणसें आणण्याची गुप्त विद्या मजपाशीं आहे, अमुक हजार रुपये भरा, मी ती शिकवितों.’ पुष्कळदां त्या विद्येचें सार असें निघतें कीं हाच अभ्यासक्रम आणखी दहाजणांस विकावा आणि त्यावर दलाली घ्यावी. ज्या योजनेंत शिरतांना पैसे भरावे लागतात, आणि मिळकत माल खपल्यावरून न होतां नवीं माणसें भरती केल्यावरून होते, ती दलाली नव्हे. ती माणसांची साखळी होय. अशा साखळ्यांवर आपल्या देशांत १९७८ सालच्या कायद्यानें बंदी आहे, आणि २०२१ च्या डिसेंबरांत निघालेल्या थेट विक्रीच्या नियमांतही पिरॅमिड योजनांस स्पष्ट मनाई आहे. वडिलांच्या निवृत्तिवेतनांतून असे पैसे भरलेला मुलगा मीं पाहिला आहे. त्यानें एकही वस्तु विकली नाहीं. विकले ते आपले मित्र.

मग माणसें आणावीं कशीं? याचें उत्तर महाराष्ट्रांत शंभर वर्षांपूर्वीं एका कारखान्यानें काढून ठेविलें आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे प्रथम बेळगांवीं सायकली विकीत. पुढें त्यांनीं लोखंडी नांगर केला. परंतु लोखंडानें जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळें त्याचा खप होईना. १९१० सालीं औंध संस्थानांतील कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर त्यांचा कारखाना आला व किर्लोस्करवाडी वसली. माल उत्तम होता, पण तो घेणारा शेतकरी दूरदूरच्या खेड्यांत विखुरलेला. अशा वेळीं १९२० सालीं लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांच्या संपादकत्वाखालीं ‘किर्लोस्कर खबर’ नांवाचें पत्र निघालें. कारखान्याच्या मालाची खबर लोकांस द्यावी हा त्याचा हेतु. परंतु केवळ स्वतःच्या मालाची स्तुति कोण किती दिवस वाचणार? पत्रांत वाचण्याजोगा मजकूर येऊं लागला आणि जाहिरातीकरितां निघालेलें पत्र लोक वर्गणी भरून घेऊं लागले. त्यांतूनच ‘किर्लोस्कर’ मासिक उभें राहिलें. १९३० सालीं ‘स्त्री’ व १९३४ सालीं ‘मनोहर’ हीं भावंडें आलीं. आजचे पंडित ‘आधीं वाचक जोडा, मग माल दाखवा’ हें तत्त्व जणूं परवांच शोधल्यासारखें सांगतात. तें ज्या माळावर प्रथम आचरलें गेलें तेथें त्या वेळीं निवडुंगच फार होता.

नवशिक्याची पहिली चूक अशी कीं तो ज्या वस्तूवर दलाली अधिक तिच्यापासून आरंभ करतो. ‘सर्वांत चांगला मोबाइल कोणता’ या विषयावर हजारों लोक आधींच लिहून बसलेले असतात. त्या गर्दींत खराडीच्या एका गृहिणीचा आवाज कोणास ऐकूं जाणार? तिनें आपल्या स्वयंपाकघरांतील नळाकडे पाहावें. आमच्या भागांत उंच इमारती भराभर झाल्या. पाणी मात्र मागें राहिलें. भामा-आसखेड योजनेचें पाणी २०२१ सालापासून शहराच्या पूर्व भागास मिळूं लागलें, तरी अनेक सोसायट्यांचें टँकरचें आणि विंधनविहिरीचें पाणी सुटलेलें नाहीं. तोट्यांवर पांढरा थर बसतो, साबणास फेंस येत नाहीं, केंस गळतात अशी घरोघर तक्रार. ईऑन आयटी पार्कांत नोकरीसाठीं परगांवाहून आलेलें नवें बिऱ्हाड पहिल्या आठवड्यांत हाच प्रश्न विचारतें कीं, ‘आमच्या पाण्याला कोणतें यंत्र घ्यावें?’ असें विचारणारे लाख नसतील, शेंपन्नासच असतील. परंतु ते खरेदी करण्याच्या बेतानेंच आलेले असतात. माझ्या त्रैराशिकांत हजारांतून दोघे घेणारे निघाले; येथें शंभरांतूनही दोघे निघूं शकतील.

आतां खरी परीक्षा पुढेंच आहे. पाणी शुद्ध करण्याच्या आरओ यंत्राची किंमत मोठी, म्हणून त्यावरील दलालीही मोठी. परंतु पाण्यांत विरघळलेल्या क्षारांचें प्रमाण, ज्यास टीडीएस म्हणतात, लिटरमागें पांचशें मिलिग्रॅमच्या आंत असेल तर तें भारतीय मानकाप्रमाणें स्वीकारार्ह मर्यादेंत असतें. असें असतां केवळ क्षार काढण्यासाठीं आरओ बसविणें म्हणजे पैसा व पाणी दोहोंची नासाडी. कारण या घरगुती यंत्रांत साधारणतः जितकें पाणी शुद्ध होतें त्याहून अधिक मोरींत जातें. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानेंही २०१९ सालीं पांचशेंच्या आंतील पाण्यासाठीं अशा यंत्रांस बंदी घालण्याची सूचना सरकारला केली होती. तेव्हां प्रामाणिक शिफारस अशी होईल: ‘प्रथम कांहींशें रुपयांचें टीडीएस मोजण्याचें साधन घ्या. आंकडा पांचशेंच्या खालीं असेल तर आरओ घेऊं नका; जंतूंची शंका असल्यास साधें यूव्ही यंत्र पुरेल. तोटीवरच्या थराचें कारण पाण्याचा जडपणा होय. त्याची तपासणी निराळी आणि उपायही निराळा.’ या सल्ल्यानें मोठी दलाली हातची जाते आणि त्या छोट्या साधनावरचे दहापंधरा रुपये पदरीं पडतात. पण ज्या बाईचे कांहीं हजार वांचले ती आपल्या मजल्यावरच्या चौघींना सांगते. पुढें ती पंखा घेतांना, शेगडी घेतांना, या गृहिणीनें काय लिहिलें आहे तें आधीं पाहते. गिऱ्हाईक जोडणें म्हणतात तें याला.

वस्तु स्वतः वापरून लिहावें, हा केवळ नीतीचा उपदेश नाहीं. गूगलनें २०२१ च्या एप्रिलांत वस्तूंच्या परीक्षणांसंबंधीं आपली पद्धत बदलली, आणि वरवरच्या उसनवारीच्या वर्णनापेक्षां प्रत्यक्ष पारख केलेल्या लेखनास वरचें स्थान देण्याचें धोरण ठेविलें. आतां तर, २०२४ पासून, कित्येक प्रश्नांचें तयार उत्तर तें स्वतःच पानाच्या माथ्यावर देतें. वाचक आपल्यापर्यंत येतच नाहीं. जें उत्तर कोणीही देऊं शकेल त्यासाठीं आपल्याकडे कोणी कां यावें? आपल्या तोटीचा फोटो, आपण स्वतः मोजलेला आंकडा, सहा महिन्यांनीं गाळणीचा झालेला रंग, या गोष्टी मात्र आपल्याचपाशीं असतात. भाषेचेंही तसेंच. इंग्रजींत जी गर्दी आहे तितकी मराठींत अद्याप नाहीं, आणि यंत्राची पुस्तिका इंग्रजींत मिळाल्यामुळें अडलेलीं घरें आपल्याकडे पुष्कळ आहेत. चंदननगरच्या बाजारांत दुकानदाराला आपण जो प्रश्न जसा विचारतों, तसाच तो मथळ्यांत लिहावा.

मात्र परक्याच्या ओसरीवर संसार मांडूं नये. २०२० च्या जूनअखेर सरकारनें टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हां ज्यांनीं तेथें लाखों प्रेक्षक जमविले होते त्यांच्या हातीं एका रात्रींत कांहीं उरलें नाहीं. त्याच वर्षीं एप्रिलांत अॅमेझॉननें अमेरिकेंत दलालीचे दर उतरविले. घरसामानावरचा दर शेंकडा आठाचा तीन झाला. दलालाशीं सल्लामसलत कोण करतो? म्हणून एकाच दुकानाच्या दुव्यांवर विसंबूं नये, आणि ज्यांना आपला सल्ला हवा आहे त्यांचे पत्ते, त्यांच्या संमतीनें, आपल्यापाशीं ठेवावे. संमतीनें हा शब्द मी मुद्दाम उच्चारतों. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटांत पाणी बंद असल्याची सूचना शोधीत असतां मधेंच कोणाचे तरी सवलतीचे दुवे लागतात, याचा उबग आपणां सर्वांस आहे. त्या मार्गानें गिऱ्हाईक मिळत नाहीं, शेजारी मात्र दुरावतो.

आतां दलाली उघड सांगण्याविषयीं. आपल्या राज्यांत २०१६ सालीं फळें-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजीं खरेदीदाराकडून घ्यावी असा नियम झाला, तेव्हां केवढा गदारोळ उठला! अडत कोण देतो हें निदान तेथें सर्वांस ठाऊक तरी होतें. आपल्या धंद्यांत ती विकणारा देतो, आणि वाचकास ती दिसतच नाहीं. म्हणून ती सांगणें हें कर्तव्य होय. कायद्यानेंही तें आतां बांधून दिलें आहे. ग्राहक व्यवहार खात्यानें २०२३ च्या जानेवारींत काढलेल्या मार्गदर्शिकेप्रमाणें शिफारस करणारानें आपला आर्थिक संबंध ठळकपणें, आणि ज्या भाषेंत शिफारस केली त्याच भाषेंत, सांगावयाचा आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालीं दहा लाखांपर्यंत, आणि पुन्हां तसें केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊं शकतो. मराठींत हें एका वाक्यांत सांगतां येतें: ‘या दुव्यावरून वस्तु घेतल्यास मला दलाली मिळते, आपणांस त्यासाठीं अधिक किंमत पडत नाहीं.’ हें वाक्य लेखाच्या तळाशीं मुंगीच्या अक्षरांत नव्हे, तर दुव्याच्या आधीं घालावें. वाचक त्यानें बिचकत नाहीं. उलट ‘ही आरओ घेऊं नका म्हणते, आणि दलालीही कबूल करते’ असें पाहून त्याची खात्री पटते.

राहिला हिशेब. अॅमेझॉनच्या योजनेंत पहिल्या १८० दिवसांत निदान तीन विक्र्या न झाल्यास खातें बंद होतें. म्हणून लेख आधीं लिहावे, आणि ते वाचावयास कोणी येऊं लागले म्हणजे मग नांव नोंदवावें. नवशिके बहुधा उलट करतात. दलाली हें उत्पन्न आहे, तें आयकराच्या विवरणपत्रांत दाखवावें लागतें. ठराविक रकमेपलीकडे देणारा त्यांतून कर कापूनच देतो. एक साधी वही करावी. तींत तारीख, कोणत्या लेखावरून किती आले, कितींनीं दुवा दाबला, किती विक्री झाली, किती परत गेली आणि हातीं काय पडलें, असे सहा रकाने आंखावे. सहा महिने ती वही प्रामाणिकपणें भरावी व तोंवर नोकरी शोधण्याचें सोडूं नये. सहा महिन्यांनीं ती घेऊन कोणी माझ्याकडे आलें तर बेरीज तपासून देण्यास मी तयार आहें. शुल्क नाहीं, आणि दलालीही नाहीं.