जर-तरची वही



बोलायला पाचच मिनिटं आहेत, म्हणून सरळ सांगते. मार्चमध्ये मी दहावीला इंग्रजीत नापास झाले होते. तुमच्यापैकी चौघीपाचजणींनाच हे ठाऊक असेल. बाकीच्यांना मी 'मामाकडे गेले होते' असं सांगितलं होतं. 35 हवे होते, 28 मिळाले. घरी स्थळं बघायला सुरुवात झाली. ऑक्टोबरला विषय सुटला नाही, तर शिक्षण संपलं, असं वडिलांनी सांगून टाकलं होतं.

बाईंना कळलं तेव्हा त्यांनी दुपारी घरी बोलावलं आणि माझी जुनी वही बघितली. मला वाटलं, आता बोलणी बसणार. बाई म्हणाल्या, "अगं, तू कशीही चुकत नाहीस. तू मराठीत बरोबर लिहितेस."

मी लिहिलं होतं, 'इफ द रेन केम, आय विल नॉट गो.' कारण आपण म्हणतो, 'पाऊस आला तर मी जाणार नाही.' पाऊस यायचाय उद्या, पण क्रियापद 'आला'! इंग्रजीला तिथे वर्तमानकाळ लागतो, 'इफ इट रेन्स'. दुसरी चूक 'असता'ची. 'तो आला असता, तर मी गेले असते' यात दोन्हीकडे एकच साचा, म्हणून मी दोन्हीकडे 'वुड हॅव' ठोकलं होतं. इंग्रजीत अटीच्या बाजूला 'हॅड कम', निकालाच्या बाजूला 'वुड हॅव गॉन'. आणि पानोपानी 'देन'! आपण 'जर' खुशाल गाळतो, 'तर' मात्र सोडवत नाही. इंग्रजीचं उलट, 'इफ' धरून ठेवायचा आणि 'देन' बहुतेक वेळा सोडून द्यायचा.

एका वाक्यावर बाईही थांबल्या होत्या. 'कर्वे हिंगण्याला आले नसते, तर आपण इथे बसलो नसतो.' 1900 साली अण्णांनी इथल्या माळावर झोपडी उभारली, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवून ते रोज इथवर चालत यायचे, हे आपण पहिलीपासून ऐकत आलेलो. बाईंनी आधी 'वुड नॉट हॅव सॅट' लिहिलं. मग खोडलं. "आत्ता बसलोय ना गं आपण?" म्हणाल्या आणि 'वुड नॉट बी सिटिंग' केलं. आपलं 'बसलो नसतो' कालच्यालाही चालतं, आजच्यालाही. इंग्रजीला ते वेगळं करून सांगावं लागतं.

ऑक्टोबरला 52 मिळाले. स्थळं काही वर्षं लांबली, तेवढ्यात मी बी. ए. झाले. फीचे पैसे बाईंकडे मागितले नव्हते. त्यांनी दिले होते, हेही आज इथे सांगून टाकते. बाई, रागावू नका.

आता एक तक्रार. माझी नात इंग्रजी माध्यमात आहे. परवा म्हणाली, "आजी, जर पाऊस येईल, तर आपण बागेत नाही जायचं." मी म्हटलं, "येईल नाही गं, 'आला तर' म्हण." तर म्हणते, "पण अजून आलाच नाहीये ना?"

बाई, रविवारी तिला घेऊन येते. दुपारचे दोन चालतील ना?