बुडी मारण्यापूर्वीं

समुद्राच्या तळाशीं नगरपालिकेचें उद्यान आहे, असें कोणीं सांगितलें तर ऐकणारास ती थट्टाच वाटेल. परंतु अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्यांत, प्युजेट साउंड या सागरशाखेच्या कांठीं वसलेल्या एडमंड्स शहरीं तें खरोखरच आहे. 1935 सालीं तेथें किनाऱ्यालगत ‘डी लायन’ नांवाची एक तरती गोदी बुडविण्यांत आली. वाळूच्या उघड्या तळावर तिच्या सांगाड्यानें माशांस आसरा दिला. 1970 सालीं नगरपालिकेनें तो भाग राखून ठेवला, आणि पुढें स्वयंसेवकांनीं तळाशीं दोर बांधून वाटा आंखल्या. तेथें जाण्यास नाव लागत नाहीं. पुळणीवरून चालत पाण्यांत शिरतां येतें. धोका आहे तो या सोपेपणांतच.

बुडीची सुरक्षितता बव्हंशीं किनाऱ्यावरच ठरत असते. पहिला विचार प्रवाहाचा. उद्यानाच्या शेजारींच मोठ्या प्रवासी बोटींचा धक्का आहे; तिकडे वाहून जाणें म्हणजे प्राणावर बेतणें होय. म्हणून भरतीओहोटीचें कोष्टक पाहून, पाण्याची ओढ मंदावते ती वेळ साधावी. बाहेर पडण्याची जागा, आणि ती चुकल्यास दुसरी जागा, जोडीदारास आधींच दाखवून ठेवावी. परतण्याची वेळ कांठावरील एखाद्या माणसास सांगून ठेवावी.

दुसरा विचार हवेचा. तेहतीस फूट खोलीवर पाण्याचा व वातावरणाचा मिळून दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. अर्थात् प्रत्येक श्वासास हवाहि दुप्पट लागते. थंडीनें व घाबरण्यानें हा खर्च आणखी वाढतो. यास्तव शहाणे पाणबुडे हवेचे तीन भाग करतात: एक जाण्यास, एक येण्यास आणि एक संकटासाठीं. दाबमापकाचा कांटा तीन हजारांवर असेल, तर तो दोन हजारांवर येतांच मागें फिरावें. मग समोर कितीहि सुंदर मासा दिसो.

वर येतांना श्वास कधींहि रोखूं नये. दाब उतरतांच फुप्फुसांतील हवा फुगते व तीं फाटण्याची भीति असते. मिनिटास तीस फुटांहून अधिक वेग नसावा, आणि पंधरा फुटांवर तीन मिनिटें थांबावें, म्हणजे रक्तांत विरलेला नत्रवायु हळूहळू बाहेर पडतो.

इतकी सिद्धता करूनहि एक नियम उरतो, आणि पाळण्यास तोच सर्वांत कठीण. दूरवरून येऊन, जड पोशाख चढवून दोघे पाण्याच्या कांठीं उभे असतात. आणि अशा वेळीं एकाच्या मनांत शंका येते. मागें फिरण्याची त्यास लाज वाटते. तरीहि त्यानें ‘आज नको’ म्हणावें, आणि दुसऱ्यानें कारण न विचारतां पोशाख उतरावा. गोदी 1935 पासून तळाशीं पडून आहे. पुढच्या रविवारींहि ती तेथेंच असेल.