विश्वास कोणाच्या खर्चानं?



ख्रिस्ती कुटुंबांच्या घरी प्रार्थनेला गेलं की उठता उठता कोणीतरी विचारतंच, "पाळकसाहेब, या बाबतीत देवाची इच्छा काय आहे, ते काही कळेना." बाब साधीच असते. मुलीला नोकरीसाठी पुण्याला पाठवायचं का? बेदाणा या आठवड्यात सौद्याला काढायचा की दर चढेपर्यंत शीतगृहात ठेवायचा? मग उपास-प्रार्थना होते, खूण मागितली जाते, कोणी डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडतं आणि बोट पडेल ते वचन आपल्यासाठीच आलं असं धरून चालतं.

प्रार्थनेला माझी हरकत कशी असेल? पण मला अनुभवानं असं वाटू लागलंय की देवाची न कळलेली इच्छा आपल्याला फारशी अडवत नाही. अडचण कळलेल्या इच्छेची असते. मजुराची मजुरी थकवू नये, म्हाताऱ्या आईबापांना सांभाळावं, खोटी साक्ष देऊ नये, वजनात मारू नये, भावाशी धरलेला अबोला सोडावा. यातल्या कशासाठी खूण लागते? बांधावरून सख्ख्या भावाशी कोर्टात उभा असलेला माणूस 'मला देवाची वाणी ऐकू येत नाही' म्हणतो, तेव्हा त्याला विचारावंसं वाटतं की मागची ऐकलीस तिचं काय केलंस?

येशूनं दोन मुलांचा दाखला दिला आहे. बापानं दोघांनाही द्राक्षमळ्यात कामाला जायला सांगितलं. एक 'जात नाही' म्हणाला, पण मागाहून पस्तावून गेला. दुसरा 'हो, जातो' म्हणाला आणि गेलाच नाही. तासगाव-पलूसकडच्या श्रोत्यांना हा दाखला फोड करून सांगायला नको. आगाप छाटणी कोणाच्या 'हो'साठी थांबत नाही.

पण आज मला मुख्यतः बोलायचंय ते दुसऱ्याच गोष्टीबद्दल. देवावर विश्वास मी ठेवतो, पण त्या विश्वासाचा खर्च कोण उचलतं?

याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या साताऱ्यातलं आहे. कवी नारायण वामन टिळक. 1895 साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. पुढं बरीच वर्षं नगरला मिशनमध्ये काम केलं, 'ज्ञानोदय' नियतकालिकाचा मराठी विभाग सांभाळला. आणि 1917 मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षाच्या आसपास, मिशनचा पगार सोडून ते संन्यस्त वृत्तीनं साताऱ्याला येऊन राहिले. तिथं त्यांनी 'देवाचा दरबार' उभा करायला घेतला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून त्यात जागा होती. ठरलेला पगार नाही, वर साहेब नाही, देव देईल त्यावर चालायचं. दोन वर्षंही पुरती झाली नाहीत, तोच 9 मे 1919 रोजी टिळक वारले. दरबार त्यांच्यामागं फार काळ टिकला नाही.

मंडळीत टिळकांबद्दल बोलताना आपण इथंच थांबतो. केवढा तो विश्वास, म्हणतो आणि पुढचं गीत घेतो. पण याच घरात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई होत्या. त्यांचं 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र ज्यांनी वाचलं आहे त्यांना ठाऊक आहे की टिळकांच्या हातात पैसा ठरत नसे. मागणाऱ्याला ते नाही म्हणत नसत, पोरकी मुलं घरी आणत. आणि उद्याच्या चुलीची काळजी बाईंच्या वाट्याला येई. टिळकांच्या बाप्तिस्म्याची बातमीही त्यांना नंतर कळली. ताटातूट झाली, हाल झाले, आणि पाच वर्षांनी, 1900 साली, त्या स्वतःच्या मनानं ख्रिस्ती झाल्या. मला टिळकांविषयी अतोनात आदर आहे. तरी सांगतो, त्या घरातला विश्वास दोन माणसांचा होता. एकाचा कवितेत दिसतो. दुसरा डब्यात तळाला गेलेल्या पिठाशी रोज हिशोब घालत होता. बाईंनी तो सगळा संसार इतक्या हसऱ्या लेखणीनं लिहिला म्हणून आपल्याला झीज दिसत नाही, एवढंच.

टिळकांच्या बाजूनं एक गोष्ट मात्र आवर्जून सांगितली पाहिजे. पत्नीला त्यांनी आपल्यामागं ओढत नेलं नाही. तिचा निर्णय तिनं घेईपर्यंत ते थांबले. घरोघरी 'मी कुटुंबप्रमुख, मी ठरवलं, देवानं मला सांगितलं' असं बजावणाऱ्यांनी एवढं तरी त्यांच्याकडून घ्यावं.

आपल्या विश्वासाचा खर्च घरच्यांवर टाकणं येशूच्या काळीही लोक करत होते. आईबापांना द्यायचा पैसा 'देवाला वाहिला आहे' असं जाहीर केलं की द्यायला नको, अशी पळवाट त्यांनी काढली होती. येशू त्यावर फार कडक बोलला आहे. म्हणून माझा पहिला सल्ला अगदी साधा आहे. नोकरी सोडून सेवेत उतरायचं असेल, जमीन विकून मंडळीला द्यायची असेल, कोणाला जामीन राहायचं असेल, तर जी माणसं त्या निर्णयानंतर तुमच्याबरोबर कमी जेवणार आहेत त्यांच्याशी आधी बोला. बायकोशी बोला, वडिलांशी बोला, कॉलेजात जाणाऱ्या मुलाशीही बोला. त्यांचं 'नाही' हे लगेच सैतानाचं काम समजू नका. पुष्कळदा देवाचं म्हणणंही त्याच तोंडून येतं.

दुसरी गोष्ट दुखण्याची. प्रार्थनासभेत बरं वाटलं म्हणून रक्तदाबाच्या, साखरेच्या, क्षयाच्या गोळ्या बंद करणारी माणसं मी पाहिली आहेत. हे कुठं घडावं? ज्या भागात डॉक्टर विल्यम वॉनलेस राबले त्या भागात. हा कॅनडात जन्मलेला तरुण 1889 साली मिशनरी म्हणून सांगलीला आला. मिरजेला 1894 मध्ये रुग्णालय उभं राहिलं, आणि शस्त्रक्रियेसाठी लोक लांबलांबून मिरजेला येऊ लागले. 1928 पर्यंत हा माणूस इथंच होता. वॉनलेस प्रार्थना करणारे होते आणि चाकू धरणारेही होते. दोन्हींत त्यांना कधी भांडण दिसलं नाही.

सांगली-मिरज रस्त्यावर आपण ज्याला वानलेसवाडी म्हणतो, तिथं क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम होतं. क्षयावरचं पहिलं परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, 1943 साली सापडलं. त्याआधी रोग्याच्या हातात काय होतं? मोकळी हवा, पोटभर खाणं आणि सांगितलं तितके महिने पडून राहणं. ताप उतरला म्हणून उठून चालायचं नाही. आज साध्या क्षयाला साधारण सहा महिन्यांचा कोर्स असतो, आणि दोन महिन्यांत खोकला थांबला की माणूस तो सोडतो, वर साक्ष देतो. सहा महिने रोज न कंटाळता गोळी घेणं यातही आज्ञापालन आहे, आणि ते देवाच्या दृष्टीनं छोटं असेल असं मला वाटत नाही. देवानं बरं केलं असेल तर तपासणीतही ते दिसेल. गोळी बंद करायचं डॉक्टरांना ठरवू द्या.

तेच पुराचं. कृष्णाकाठानं 2005 पाहिलं, 2019 पाहिलं, 2021 पाहिलं. सांगलीत आयर्विन पुलाजवळची पातळी वाढत असते, गावात दवंडी झालेली असते, आणि कोणीतरी माळ्यावर बसून म्हणतं, देव राखील. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असं येशूला कोण म्हणालं होतं ते आठवा. त्यानं उडी टाकली नाही. शिवाय तुम्हाला काढायला येणाऱ्या बोटीत दुसऱ्या कोणाची तरी मुलं वल्ही मारत असतात. पुन्हा तोच प्रश्न, खर्च कोणाचा?

आता कोणी म्हणेल, इतकं सगळं नीट वागलं, तरी बाग अवकाळीत गेलीच की. गेली. मी याला उत्तर देणार नाही, कारण ज्यांची बाग गेली त्यांना मी दिलेलं कोणतंही उत्तर खोटं वाटेल आणि ते बरोबरच असेल. प्याला टळावा म्हणून येशूनंही गेथशेमाने बागेत मागणं केलं होतं, आणि तो टळला नाही, एवढं मला ठाऊक आहे. अशा घरी जाताना वचनं पाठ करून जाऊ नका. पंचनाम्याचे कागद भरायला मदत करा, बँकेत बरोबर चला, पोराची फी भरायची राहिली असेल तर गुपचूप भरा.

शेवटी माझ्या पाळक बंधुभगिनींना आणि मंडळीच्या पंचांना एक विनंती. ऊसबिल जमा झालं की पहिल्याच रविवारी दशमांशाचं पाकीट घेऊन येणारे शेतकरी आपल्या ओळखीचे असतात. ते पाकीट घेण्याआधी विचारा, ऊसतोड टोळीचे पैसे भागवले का? बांधणीच्या बायांची मजुरी दिली का? नसेल दिली, तर पाकीट परत त्यांच्या हातात ठेवा आणि म्हणा, आधी ते देऊन या, आम्ही थांबतो. मंडळीच्या छपराचं काम महिनाभर पुढं गेलं तरी चालेल.